'फोर्ट अपाची' (१९४८): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन फोर्ड याच्या घोडदळाच्या चित्रपटांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "तो पिवळ्या रिबिनवाला ना?" नाही, तो म्हणजे 'शी वोअर अ यलो रिबन', हा तो नाही. हा त्याच्या वर्षभर आधीचा, कृष्णधवल. रंगीत भावंडाच्या सावलीत बसलेला आणि माझ्या मते त्याच्यापेक्षा जास्त खोल. याच्याबद्दल मला वरचेवर जे विचारलं जातं ते इथे एका जागी लिहून काढलंय. शेवट सांगितल्याशिवाय या चित्रपटाबद्दल धड बोलता येत नाही. ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं.

गोष्ट काय आहे?

ओवेन थर्सडे अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल होता. युद्ध संपलं, फौज आटली आणि त्याचा हुद्दा घसरून लेफ्टनंट कर्नलवर आला. नेमणूक कुठे, तर ॲरिझोनाच्या रखरखाटात, फोर्ट अपाची नावाच्या ठाण्यावर. घोडागाडीतून येताना तो वाटेतल्या थांब्यांची नावं दात-ओठ खात मोजतो: चाळीस मैल गेलं की एक डबकं, पुन्हा चाळीस मैल, पुन्हा डबकं. शेजारी बसलेली त्याची मुलगी फिलाडेल्फिया मात्र खुशीत आहे.

ठाण्यावर पोचतो तर तिथे जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीचा नाच रंगात आलेला. तारायंत्राच्या तारा तुटल्यामुळे नवे साहेब येतायत हे कुणाच्या गावीच नाही. झालं, तिथूनच बिनसतं. कॅप्टन किर्बी यॉर्कला हा मुलूख आणि इथले अपाची लोक वर्षानुवर्षांचे ठाऊक आहेत. थर्सडेला यातलं काही ठाऊक नाही, आणि करून घ्यायची इच्छाही नाही. त्याला एक मोठा विजय हवाय, वॉशिंग्टनमधल्या वर्तमानपत्रांत नाव छापून येईल असा. अपाचींचा प्रमुख कोचीज आपल्या लोकांना घेऊन मेक्सिकोत निघून गेलाय. यॉर्क स्वतः जाऊन त्याला भेटतो, शब्द देतो आणि बोलणी करायला परत आणतो. थर्सडे तो शब्द मोडतो आणि चार-चारच्या रांगांनी अख्खी तुकडी खिंडीत घालतो. तिथे तिचं पानिपत होतं.

जॉन वेनचा आहे म्हणजे वेनच जिंकणार, नाही का?

इथेच बहुतेकांची फसगत होते. वेन आहे, पण त्याचा यॉर्क हा ऐकून घेणारा माणूस आहे. समजावतो, विरोध करतो, आणि शेवटी हुकूम मानतो. चित्रपट थर्सडे झालेल्या हेन्री फोंडाचा आहे. त्याआधी फोर्डनेच त्याला तरुण लिंकन केलं होतं, 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मधला टॉम जोड केलं होतं. प्रेक्षकाला ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची सवय लागली होती तोच चेहरा फोर्डने एका ताठ, कडू, चुकणाऱ्या माणसाला दिला. थर्सडे दुष्ट असता तर काम सोपं होतं. तो प्रामाणिक आहे, शूर आहे, भ्रष्टाचाराची त्याला मनापासून शिसारी आहे, आणि तरी तो स्वतःबरोबर सगळ्यांना घेऊन बुडतो.

फोंडाचा ताठपणा पाहायचा तर सार्जंट लोकांच्या नाचाचा प्रसंग पाहा. रिवाज असा की कमांडिंग ऑफिसरने सार्जंट मेजरच्या बायकोबरोबर पहिला नाच नाचायचा. थर्सडेला हे अजिबात मान्य नाही, कारण त्याच सार्जंट मेजरचा मुलगा त्याच्या मुलीच्या मागे लागलाय. पण रिवाज म्हणजे रिवाज. तो नाचतो, एकही पाऊल चुकत नाही, आणि अंगातला एकही स्नायू सैल होत नाही. अवघडलेला माणूस नियम पाळून नाचताना कसा दिसतो, ते त्या दोन मिनिटांत सगळं आहे.

सार्जंट मेजरचा मुलगा ऑफिसर कसा झाला, यावरून थर्सडे इतका का अडून बसतो?

त्या काळच्या फौजेत ऑफिसर आणि साधा शिपाई यांच्यात जातीसारखी भिंत होती. मायकेल ओरूर्क वेस्ट पॉइंटमधून, म्हणजे फौजेच्या ऑफिसर घडवणाऱ्या अकादमीतून, नुकताच सेकंड लेफ्टनंट होऊन आलाय आणि त्याचा बाप त्याच ठाण्यावर सार्जंट मेजर आहे. थर्सडेला हे पचत नाही. तो म्हाताऱ्या ओरूर्कला विचारतो, मुलाला प्रवेश कसा मिळाला? राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुकीने, साहेब. थर्सडे म्हणतो, माझ्या समजुतीप्रमाणे तशी नेमणूक फक्त मेडल ऑफ ऑनर मिळालेल्यांच्या मुलांना असते. ओरूर्क शांतपणे उत्तरतो, माझीही समजूत तशीच आहे, साहेब.

एवढंच. सैन्यातलं सर्वोच्च शौर्यपदक आपल्याकडे आहे हे तो तोंडाने म्हणतही नाही. वॉर्ड बाँडने हे वाक्य इतकं सपाट म्हटलंय की पहिल्यांदा पाहताना ते निसटून जातं.

या पोराचं नाव थर्सडेला धड घेता येत नाही हेही ध्यानात ठेवा. तो त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी आयरिश नावाने हाक मारतो, पोरगा आपलं नाव सांगतो, तरी पुन्हा चूक. सुरुवातीला गंमत वाटते. नावांचा हा गोंधळ शेवटी परत येतो, तेव्हा हसू येत नाही.

थर्सडे म्हणजे कस्टर का?

बराचसा. २५ जून १८७६ रोजी मॉन्टानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर सातव्या घोडदळातल्या पाच तुकड्यांसह मारला गेला. तोही यादवी युद्धात जनरल होता, तोही नंतर लेफ्टनंट कर्नलवर आला होता. समोर लकोटा आणि शायेन होते. त्याच्या रेजिमेंटचा उरलेला भाग मेजर रीनो आणि कॅप्टन बेन्टीन यांच्याबरोबर काही मैलांवरच्या टेकडीवर तग धरून राहिला. चित्रपटात यॉर्क सामानाच्या गाड्यांसह कड्यावर मागे राहतो, ते तिथूनच आलंय.

दुसरी सावली कॅप्टन फेटरमनची. २१ डिसेंबर १८६६ रोजी वायोमिंगमध्ये फोर्ट फिल कर्नीजवळ तो आमिषाला भुलून टेकडीपलीकडे गेला आणि त्याच्याबरोबरची ८० माणसं परत आली नाहीत.

मूळ कथा जेम्स वॉर्नर बेलाची. ती १९४७ साली 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये छापून आली. पटकथा लिहिली फ्रँक न्यूजंटने. हा गृहस्थ आधी 'न्यूयॉर्क टाइम्स'चा चित्रपट समीक्षक होता आणि फोर्डसाठी हे त्याचं पहिलंच काम. फोर्डने त्याच्या हातात पन्नासेक पुस्तकांची यादी ठेवली, मग त्याला अपाची मुलुखात हिंडून यायला पाठवलं, शिवाय प्रत्येक पात्राचं जन्मापासूनचं चरित्र लिहून काढायला लावलं. तो परतल्यावर विचारलं, झाला अभ्यास? झाला. मग वाचलंस ते सगळं विसर, आता आपण सिनेमा लिहू. न्यूजंटने ही आठवण स्वतः सांगितलेली आहे.

खऱ्या कोचीजने असं काही केलं होतं का?

नाही. कोचीज चिरिकाहुआ अपाचींचा प्रमुख. १८६१ साली अपाची पासजवळ एका कोवळ्या लेफ्टनंटने त्याला चर्चेला बोलावलं आणि एका मुलाच्या अपहरणाचा खोटा आळ घेऊन अटक करायचा प्रयत्न केला. तो तंबू फाडून निसटला, पण त्यातून पेटलेलं युद्ध दहा-अकरा वर्षं चाललं. १८७२ साली जनरल हॉवर्डबरोबर तह झाला आणि १८७४ मध्ये तो आपल्याच मुलुखात वारला. घोडदळाची अख्खी तुकडी कापून काढल्याची नोंद त्याच्या नावावर नाही. फोर्डने कस्टरची लढाई उचलली आणि ॲरिझोनात आणून ठेवली. बोलवायचं आणि दगा द्यायचा, हा भाग मात्र कोचीजच्या चरित्रात खरोखरच आहे.

फोर्ट अपाची नावाचं ठाणं खरंच होतं?

होतं, अजूनही आहे. पूर्व ॲरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाचींच्या मुलुखात १८७० साली फौजेने तळ टाकला. १८७९ पासून त्याला फोर्ट अपाची म्हणू लागले. १९२२ मध्ये फौज निघून गेली आणि तिथे आदिवासी मुलांची निवासी शाळा आली. आज ती जागा व्हाइट माउंटन अपाची जमातीकडे आहे. जुन्या इमारतींची डागडुजी कुणी करायची यावरून जमातीने केंद्र सरकारविरुद्ध खटला भरला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ साली न्यायालयाने जमातीच्या बाजूने कौल दिला.

पडद्यावर दिसतं ते ठाणं मात्र कॅलिफोर्नियात सिमी व्हॅलीजवळ उभारलेला सेट. आणि ते अजस्र लाल सुळके, कृष्णधवलमध्ये काळेकरडे दिसणारे, ते मॉन्युमेंट व्हॅलीतले. ही दरी ॲरिझोना-यूटाच्या सीमेवर, नावाहो लोकांच्या भूमीत. खऱ्या फोर्ट अपाचीपासून सरळ रेषेत मोजलं तरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि कोचीजचा डोंगर त्याच्याही दक्षिणेला. पडद्यावरचे अपाची बहुतेक नावाहोच आहेत. भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन फोर्डचा सिनेमा पाहू नये.

आकाश इतकं काळं आणि ढग इतके पांढरे कसे दिसतात? नंतर काही करामत केली आहे का?

नंतर नाही, कॅमेऱ्यातच. छायालेखक आर्ची स्टाउटने बाहेरच्या चित्रणासाठी इन्फ्रारेड फिल्म वापरली. ही फिल्म डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण टिपते. निळ्या आकाशातून असे किरण फारसे येत नाहीत, म्हणून आकाश जवळजवळ काळं पडतं. ढग ते किरण भरभरून परतवतात, म्हणून ते कापूस पिंजल्यासारखे पांढरेशुभ्र उठून येतात. दूरचं धुरकटपण कमी होतं आणि मैलभर लांबचा कडाही कोरून काढल्यासारखा दिसतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. या फिल्मवर माणसाची कातडी खडूसारखी फटफटीत येते, झाडपाला पांढरा पडतो, त्यामुळे नटांना चेहरे गडद रंगवून उभं राहावं लागे. एवढा खटाटोप कशासाठी? घोड्यांची रांग क्षितिजावरून जाते ती दृश्यं पाहा. माणसं इवलीशी आणि वर ते आकाश. काहीतरी होणार आहे हे आभाळालाच आधी कळलंय असं वाटतं. रंगीत फिल्ममध्ये हे साधलं नसतं.

धुळीबद्दलही एक सांगायला हवं. लढाईच्या आधी दूरवर धुळीचा लोट दिसतो. थर्सडे म्हणतो, अपाची तिकडे आहेत. यॉर्क म्हणतो, ती धूळ बायकापोरं झुडपांच्या फांद्या जमिनीवरून ओढत उडवतायत, पुरुष इथेच खडकांत दबा धरून बसलेत. कशावरून? कोचीजच्या जागी मी असतो तर तिथेच बसलो असतो. थर्सडे त्याला भित्रा म्हणतो. यॉर्क हातमोजा काढून त्याच्यासमोर फेकतो, म्हणजे द्वंद्वाचं आव्हानच. थर्सडे ते उचलत नाही. यॉर्कला गाड्यांबरोबर मागे राहायचा हुकूम देतो, आणि या अपमानाच्या हुकुमामुळेच यॉर्क वाचतो.

अपाची लोकांचं चित्रण आजच्या नजरेला खटकतं का?

काही ठिकाणी खटकतं. कोचीज सोडला तर त्यांच्यातल्या कुणाला मोठी भूमिका नाही. तो कोचीजही मेक्सिकन नट मिगेल इंक्लानने केलाय आणि स्पॅनिशमध्ये बोलतो. बायका-मुलं तर लांबूनच दिसतात.

पण १९४८ साल ध्यानात घ्या. तेव्हाच्या वेस्टर्नमध्ये 'इंडियन' म्हणजे घोड्यावरून पडण्यासाठी असलेली माणसं. इथे कोचीज चर्चेला येतो आणि आपलं गाऱ्हाणं शांतपणे मांडतो: सरकारी एजंट मीचम आमच्या माणसांना दारू पाजतो, रेशनात लुबाडतो, आमची माणसं नासवतो. त्याला हटवा, आम्ही परत येतो. प्रेक्षकाला कळतं की हा बरोबर बोलतोय. यॉर्कला कळतं. मीचम चोर आहे हे थर्सडेलाही कळतं, तसं त्याने त्याच्या तोंडावर सांगितलेलंही असतं. तरीही तो सरकारचा माणूस म्हणून मीचमला पाठीशी घालतो आणि कोचीजशी अपमान करूनच बोलतो.

मीचम काल्पनिक असला तरी त्याची जात काल्पनिक नाही. राखीव प्रदेशांतल्या कंत्राटांवर आणि दुकानांच्या परवान्यांवर पोसलेल्या टोळीला तेव्हा 'इंडियन रिंग' असंच नाव होतं. १८७६ साली युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप याला अशाच एका दुकानाच्या परवान्यातून पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून राजीनामा द्यावा लागला.

मीचमच्या गोदामात 'बायबल' असा शिक्का असलेली खोकी सापडतात आणि आत असते दारू. थर्सडे ती चाखायला सार्जंट मल्कहीला देतो. मल्कहीचा निवाडा: अजिबात दारू नसण्यापेक्षा बरी. मग माल नष्ट करायचा हुकूम निघतो आणि मल्कहीसकट चार सार्जंट तो आपल्या पद्धतीने नष्ट करतात. पुढच्या प्रसंगात चौघेही कोठडीत.

हे विनोदी सार्जंट जरा अती होत नाहीत?

होतात. आयरिश सार्जंटांची दारू आणि दंगा ही फोर्डची जुनी खोड. शर्ली टेंपल (फिलाडेल्फिया) आणि जॉन एगर (धाकटा ओरूर्क) यांचं प्रेमप्रकरणही पातळ आहे. पहिला अर्धा तास पुढे ढकलत पाहावा असं वाटलं तर मी समजू शकतो, पण तसं करू नका. हीच माणसं पुढे खिंडीत जातात. नवशिक्या रंगरुटांना घोड्यावर बसवतानाची फजिती, बायकांचे घरगुती कारभार, उसनं फर्निचर, हे सगळं पाहिलेलं नसेल तर शेवटची वीस मिनिटं नुसती लढाई होऊन जाते.

ही शर्ली टेंपल म्हणजे तीच, कुरळ्या केसांची?

तीच. चित्रण झालं तेव्हा, १९४७ मध्ये, एकोणीस वर्षांची आणि विवाहित होती. नायक जॉन एगर तिचा खराखुरा नवरा आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. १९३७ साली फोर्डनेच तिला घेऊन एक चित्रपट केला होता. तो घडतो हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, ब्रिटिश पलटणीच्या छावणीत, किपलिंगच्या कथेवरून. इथे मल्कही झालेला व्हिक्टर मॅक्लाग्लेन त्यातही सार्जंटच होता. सरहद्दीवरचं ठाणं, कडक म्हातारा कर्नल आणि त्यात येऊन पडलेली मुलगी. फोर्डने हा डाव दोनदा मांडला.

थर्सडेच्या टोपीला मागे लटकणारं पांढरं फडकं कसलं?

मान उन्हात भाजू नये म्हणून लावायचं फडकं. इंग्रजीत त्याचं नावच 'हॅवलॉक'. हे नाव पडलं ते जनरल हेन्री हॅवलॉकवरून. हो, तोच. जुलै १८५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवून कानपूर घेणारा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लखनौला आजारपणात मेलेला. अंदमानातलं हॅवलॉक बेटही त्याच्याच नावाचं होतं, २०१८ पासून ते स्वराज द्वीप झालं. अमेरिकेत यादवी युद्धाच्या सुरुवातीला घराघरांतल्या बायकांनी शिपायांसाठी अशी फडकी ढिगाने शिवली. शिपायांनी बहुतेक ती कॉफी गाळायला वापरली.

चित्रपटात बाकीचे घोडेस्वार रुंद कडांच्या मऊ हॅट घालतात. थर्सडे एकटा फौजी टोपी आणि मागे हे फडकं. आल्या आल्या तो ऑफिसरांना हॅटची घडी कशी असावी यावरून झापतो. टोपी हा इथे नुसता कपडेपट नाही. ती ध्यानात ठेवा, कारण शेवटी ती दुसऱ्याच डोक्यावर दिसणार आहे.

सगळ्यात चांगला प्रसंग कोणता?

लढाई नाही. तुकडी निघते तो प्रसंग.

कॅप्टन कॉलिंगवूडने बदलीसाठी अर्ज केलेला असतो, वेस्ट पॉइंटला शिकवायला जायचं म्हणून. तुकडी दरवाजातून बाहेर पडत असताना बदलीचा हुकूम येतो. त्याची बायको एमिली वर सज्जात इतर बायकांबरोबर उभी आहे. कागद तिच्या हातात. एक माणूस घोडा दामटत पाठवला तर नवरा परत येईल. दुसऱ्या बायका म्हणतात, बोलाव त्याला. ती क्षणभर थांबते, आणि म्हणते, सॅम भित्रा नाही. मग ती दूर पाहत राहते. घोडे धुळीत विरत जातात. ती म्हणते, मला तो दिसत नाही. मला फक्त निशाणं दिसतायत.

ॲना लीने हे वाक्य रडत नाही म्हटलं, नुसतं जे दिसतं ते सांगावं तसं म्हटलंय. मी हा चित्रपट निदान सात-आठ वेळा पाहिला असेन, आणि दर वेळी त्या सज्जापाशी येऊन थबकतो.

शेवटी यॉर्क खोटं का बोलतो? फोर्ड त्या खोट्याचं समर्थन करतोय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यावर समीक्षक अजून भांडतात.

आधी काय घडतं ते नीट पाहू. खिंडीत थर्सडे जखमी होऊन घोड्यावरून पडतो. यॉर्क धावून येतो, घोड्यावर घेऊन परत नेतो म्हणतो. थर्सडे त्याच्याकडे तलवार मागतो, आपल्या तुकडीकडे जायचं म्हणून. यॉर्क सांगतो, तुकडी संपली. थर्सडे त्याला झटकतो: पुढेमागे ही रेजिमेंट तुझ्या हाताखाली येईल, तेव्हा ती चालव. मग तो उरल्यासुरल्या माणसांत परततो आणि ओरूर्कची माफी मागतो. म्हातारा म्हणतो, माफी राहू द्या, आपल्या नातवंडांसाठी ठेवा. दोन सोयरे शेवटी सोयऱ्यांसारखे बोलतात, आणि पुढच्या क्षणी अपाची घोड्यांचा लोंढा त्यांच्यावरून निघून जातो. वीरगीत नाही, एकेकट्याचं झुंजणं नाही. मूठभर माणसं एका खळग्यात दाटीने बसलेली, आणि मग धूळ. त्या धुळीतून कोचीज येतो, तुकडीचं निशाण यॉर्कच्या पुढ्यात जमिनीत रोवतो आणि वळून निघून जातो. यॉर्कला तो मारत नाही.

काही वर्षांनी. यॉर्क आता रेजिमेंटचा प्रमुख आहे, अपाचींचा म्होरक्या जेरोनिमो याच्याविरुद्धच्या मोहिमेवर निघालाय. पत्रकार आलेत. भिंतीवर थर्सडेची तसबीर. एक पत्रकार वॉशिंग्टनमधल्या एका भव्य चित्राचं वर्णन करतो: पिसांचे मुकुट घातलेले अपाची रांगांनी आलेत आणि थर्सडे तलवार उगारून धावून जातोय. यॉर्क म्हणतो, अगदी तंतोतंत खरं.

त्यातलं काहीही खरं नाही हे आपण दहा मिनिटांपूर्वी पाहिलंय. अपाची असले मुकुट घालतच नाहीत. फोर्डने आधी खरं दाखवलं, मग खोटं तयार होताना दाखवलं, आणि ते खोटं बोलणारा माणूस आपल्याला आवडेल असाच निवडला. समर्थन करायचं असतं तर त्याने खरी लढाई आपल्यापासून लपवली असती.

या चित्राला आधार आहे. कस्टरच्या शेवटच्या लढाईचं कॅसिली ॲडम्सने रंगवलेलं एक प्रचंड चित्र होतं. १८९६ साली ॲनहॉयझर-बुश या बीअर कंपनीने त्यावरून बेतलेली छापील चित्रं काढली आणि देशभरच्या गुत्त्यांत टांगली. त्यात कस्टर तलवार परजताना दिसतो. प्रत्यक्षात त्या मोहिमेवर रेजिमेंटने तलवारी मागेच ठेवल्या होत्या. मूळ चित्र पुढे सातव्या घोडदळाकडे गेलं आणि १९४६ साली फोर्ट ब्लिसमधल्या आगीत जळालं, म्हणजे 'फोर्ट अपाची'च्या चित्रणाच्या आदल्याच वर्षी. छापील प्रती मात्र गुत्त्यांच्या भिंतींवर शाबूत होत्या.

आता ते नावांचं. तोच पत्रकार म्हणतो, थर्सडेसारखे लोक आठवणीत राहतात, बाकीचे विसरले जातात. बोलता बोलता तो कॉलिंगवूडचं नाव 'कॉलिंगवर्थ' असं घेतो. यॉर्क लगेच दुरुस्त करतो: कॉलिंगवूड. थर्सडेच्या दंतकथेतली एकही चूक त्याने दुरुस्त केली नाही, ही मात्र केली. मग तो खिडकीशी जातो. काचेत बाहेरून जाणाऱ्या घोडेस्वारांचं प्रतिबिंब उमटतं आणि यॉर्क त्यांच्याबद्दल बोलू लागतो: महिन्याला तेरा डॉलर पगार, खायला घेवडा आणि मोहीम लांबली तर घोड्याचं मांस. पत्त्यांवरून भांडतील, पण पाण्याचा शेवटचा घोट वाटून घेतील.

मग तो टोपी डोक्यावर चढवतो. फौजी टोपी, मागे पांढरं फडकं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी या शेवटावर मनस्वी चिडलो होतो. एवढं सगळं दाखवून शेवटी सलाम? आता वाटतं, यॉर्कने थर्सडेला वाचवलं ते थर्सडेसाठी नाही. कमांडर मूर्ख होता असं म्हटलं की त्याच्यामागून गेलेली माणसं फुकट मेली असं होतं, आणि ते त्याला त्यांच्या बायकांच्या तोंडावर म्हणायचं नाही. पण त्याची किंमतही फोर्डने त्याच्या डोक्यावर ठेवलीय. पुढचा शहाणा कमांडर वेड्याची टोपी घालून अपाचींवरच्या पुढच्या मोहिमेला निघतो. फोर्डने १९६२ साली 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये दंतकथा छापण्याबद्दल जे एका वाक्यात बोलून दाखवलं ते इथे चौदा वर्षं आधी, न बोलता केलंय. मला न बोलता केलेलं जास्त आवडतं.

नट बेन जॉन्सनला फोर्डने याच चित्रपटात शोधलं म्हणतात, ते खरं का?

तो इथे घोडे सांभाळायला आणि स्टंट करायला होता. चित्रणात एक गाडी उलटली, घोडे बिथरून पळाले, आत तीन माणसं. जॉन्सनने घोडा घालून ती अडवली. फोर्डने त्याला पुढे करार देऊ केला. जॉन्सन सांगत असे की वाचता वाचता आठवड्याला पाच हजार डॉलर या ओळीपाशी आलो, तिथेच वाचन थांबवलं आणि सही केली. पुढे 'द लास्ट पिक्चर शो'साठी त्याला ऑस्कर मिळालं.

इतका चांगला आहे तर लोक विसरले कसे?

अगदी विसरले नाहीत, मागच्या बाकावर बसवलाय. 'शी वोअर अ यलो रिबन' रंगीत होता, त्याच्या छायालेखनाला ऑस्कर मिळालं. 'द सर्चर्स'ने तर पुढे सगळं कौतुक ओढून घेतलं. २०१२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षक कौलात 'द सर्चर्स' जगातल्या चित्रपटांत सातवा आला. वेनचे चाहते 'फोर्ट अपाची'त वेन शोधतात आणि त्यांना तो पुरेसा सापडत नाही. ज्यांना वेन नको असतो ते पोस्टरवरचं नाव पाहूनच पुढे जातात.

बाकीचे दोन कधी पाहू?

'फोर्ट अपाची' (१९४८), 'शी वोअर अ यलो रिबन' (१९४९), 'रिओ ग्रँड' (१९५०). तिघांना मिळून 'घोडदळ-त्रयी' म्हणतात, पण फोर्डने त्रयी म्हणून ते आखले नव्हते. गोष्टी वेगळ्या, माणसं वेगळी. 'रिओ ग्रँड'मध्ये वेनच्या पात्राचं नाव पुन्हा किर्बी यॉर्क आहे, फक्त इंग्रजी स्पेलिंगला एक अक्षर जास्त. तो तोच माणूस मानायचा की नाही हे तुमच्यावर. क्रमाने पाहिले नाहीत तरी काही बिघडत नाही, पण हा रात्री, दिवे मालवून, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा. मोबाइलवर ते आकाश मावत नाही.